फक्त पाहणारा

हात आधी आला. स्क्रीनवर डावीकडच्या चौकोनात नेहमी नुसतं टेबल दिसायचं, टेबलावर फोन, आणि वरून टांगलेल्या कॅमेऱ्याला सापडतील तेवढे हात. चेहरा उजवीकडच्या चौकोनात यायचा, तोही माणूस खुर्चीत नीट टेकल्यावर. तर आधी हात आला, आणि त्या हातावर घड्याळ उलटं बांधलेलं होतं, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. घड्याळ असं बांधणारी माणसं जगात पुष्कळ असतील, टिपणीसने स्वतःला समजावलं. अंगठ्याच्या बुडाशी इस्त्रीचा जुना चटका असणारीही असतील. पण घड्याळ उलटं, चटका तिथेच, आणि बसल्या बसल्या टेबलावरचा न दिसणारा कचरा तळहाताने एका कडेला लोटायची सवय, हे तिन्ही एकाच हाताला असणारी बाई त्याच्या माहितीत एकच होती. आणि ती बाई सकाळी सव्वाआठला "डबा विसरू नकोस" असं बजावून दातांच्या दवाखान्यात कामाला गेली होती. तो बजावलेला डबा या क्षणी घरी ओट्यावर होता, हे त्याला त्या हाताकडे बघूनच आठवलं.

टिपणीस हे काही त्याचं आडनाव नव्हे. अकरा वर्षं एका ठिकाणी बसून दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतल्यावर ऑफिसने त्याला ते बहाल केलं होतं आणि आता खऱ्या आडनावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. त्याच्या ऑफिसचा धंदा सांगायला सोपा आणि समजवायला कठीण. कुणी नवं ॲप काढलं की ते आधी या लोकांकडे यायचं. हे लोक बाहेरून चार-पाच परकी माणसं बोलवायचे, एकेकाला खोलीत बसवून ते ॲप हातात द्यायचे आणि माणूस कुठे अडखळतो ते बघायचे. खोलीत समोर बसून कामं सांगायची ती एक तरुण मुलगी, तिला सगळे विचारणारी म्हणत. पलीकडच्या खोलीत बसून माणसाचा शब्द न् शब्द टाइप करायचा तो टिपणीस. ऑफिसचं छत गळायला लागल्यामुळे गेले आठ दिवस हा सगळा संसार एका चष्म्याच्या दुकानावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत हलवला होता. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. लपवलं होतं अशातला भाग नाही, सांगायचं राहिलं होतं. बावीस वर्षांच्या लग्नात सांगायच्या राहिलेल्या गोष्टी पायपुसण्याखाली सरकवलेल्या धुळीसारख्या साठतात आणि त्यावरून दोघंही रोज चालतात, कुणाचं काही अडत नाही.

नियम असा होता की आलेलं माणूस ओळखीचं निघालं तर टेस्ट तिथल्या तिथे थांबवायची. ओळखीच्या माणसाच्या बोलण्यात भेसळ असते. हा नियम टिपणीसनेच लिहिला होता, तोही ठळक अक्षरात. टेबलाच्या कडेला एक बटण होतं, ते दाबलं की विचारणारीच्या पायाशी लाल दिवा लागायचा. त्याचं बोट बटणापाशी गेलंसुद्धा. तेवढ्यात उजव्या चौकोनात चेहरा आला. केस कानामागे घेतलेले, कपाळावर परक्या ठिकाणी गेल्यावर पडते ती एक आठी. विचारणारी तिचं नेहमीचं म्हणत होती, "परीक्षा तुमची नाहीये बरं का, ॲपची आहे. तुमचं काही चुकलं तर ती ॲपची चूक. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, अगदी फालतू वाटलं तरी."

"असं घरी कुणी म्हणत नाही हो," ती म्हणाली आणि हसली.

बोट मागे आलं. का आलं हे त्याला सांगता आलं नसतं, म्हणजे त्या वेळी तरी. त्याच्या शेजारी ॲपवाला बसला होता. ॲप त्याचंच, दोन वर्षं खपून केलेलं. प्रत्येक टेस्टला तो येऊन बसायचा आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसलेल्या बापासारखी नखं खायचा. ॲप होतं घरात बसून काहीतरी घडवणाऱ्या माणसांसाठी. कुणी गोष्ट लिहितं, कुणी विणतं, कुणी गाण्यांना चाली लावतं. त्या सगळ्यांचे फोटो, कागद, याद्या, काय झालं, काय राहिलं, कुठे अडलं, हे एका जागी नीट लावून ठेवायचं, अशी ती कल्पना. दोन दिवसांत चार माणसं येऊन गेली होती. आजची ही क्रमांक पाच. नावं पलीकडच्या खोलीत कळत नसत, माणसं जमवून देणारी संस्था वेगळी होती. पण ही बाई आणि घडवणं? ही कधी आणि काय घडवायला लागली? टिपणीसला प्रामाणिकपणे वाटलं की काहीतरी घोटाळा आहे, ही चुकून भलत्या दारात शिरली आहे, दातांच्या डॉक्टरांचं काहीतरी पाकीट द्यायला आली असणार.

"पलीकडच्या खोलीत आमची दोन माणसं आहेत," विचारणारी म्हणाली. "एक जण तुम्ही बोलाल ते लिहून घेतात. चालेल ना?"

तिने मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. "नमस्कार. मी फार भराभर बोलते हो. हात दुखला तर सांगा, हळू बोलेन."

बायकोने आपल्याला 'हो' लावलं, ही गोष्ट त्याने मुकाट्याने टाइप केली. क्रमांक पाच: हात दुखला तर सांगा. अकरा वर्षांत शेकडो माणसं समोर बसून गेली, एकालाही लिहिणाऱ्याच्या हाताची आठवण झाली नव्हती. आणि घरी? घरी गेल्या महिन्यात तो मनगट चोळत बसला होता तेव्हा ही म्हणाली होती, मलम कपाटात आहे. त्याला त्या पलीकडच्या खोलीतल्या, म्हणजे या खोलीतल्या, परक्या माणसाचा जरासा हेवा वाटला. मग हसू आलं. मग ते हसू आवरून घ्यावं लागलं, कारण ॲपवाला बघत होता.

"पहिलं काम. सध्या जे खरंच करताय त्याचं एक नवं प्रोजेक्ट तयार करा."

"नवं... हे अधिकचं चिन्ह असेल. हो, हेच. नाव काय देऊ? नाव मी दिलंच नाहीये अजून त्याला." बोट थोडा वेळ अधांतरी थांबलं. मग एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं: खोली. "आमचं लग्न झाल्यावर आम्ही ज्या खोलीत राहिलो ना, ती करतेय मी. बुटाच्या खोक्यात. एवढीशी. गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमचा वर्ग असतो, छोट्या वस्तूंचा. तिथेच ठेवते, घरी नाही आणत. तिथल्याच फळ्यावर तुमची जाहिरात वाचली."

गुरुवारचा वर्ग! गेली तीन वर्षं ती गुरुवारी वर्गाला जात होती, आणि टिपणीसच्या डोक्यात तो वर्ग व्यायामाचा होता. कुणी सांगितलं होतं व्यायामाचा? कुणीच नाही. ती म्हणाली होती 'वर्ग' आणि व्यायाम त्याने स्वतःच घातला होता. एकदा तर "तुझी कंबर बरी दिसतेय हल्ली" असंही तो म्हणाला होता, आणि ती त्याच्याकडे विचित्र नजरेने बघून "हो का?" एवढंच म्हणाली होती. त्या 'हो का'चा अर्थ त्याला आज, चष्म्याच्या दुकानावर बसून, लागत होता.

फोनमधले फोटो ती एकेक करून खोलीत टाकू लागली आणि टाकताना बोलत राहिली, सांगितलं होतं तसं. ही खाट, आइस्क्रीमच्या काड्यांची. हा स्टोव्ह, शर्टाच्या पितळी बटणाचा, पंप म्हणून टाचणी. ही कपड्यांची दोरी, हा खिळा, त्यावर त्याचा कोट. टिपणीसची बोटं आपोआप चालत होती आणि तो मात्र त्या खोलीत जाऊन पोचला होता. तिसरा मजला, खाली छापखाना, दुपारभर जमिनीतून तळपायांना लागणारी यंत्रांची धडधड. भिंतीला हात लावला तर भिंतसुद्धा जिवंत लागायची. एकच खिडकी, आणि ती मेली कधी बंद व्हायची नाही. लाकूड फुगलेलं. चार बोटांची फट कायम. थंडीत दोघं मिळून त्या फटीत जुने पेपर कोंबायचे आणि पाहुणा आला की ती म्हणायची, ताज्या बातम्या हव्या असतील तर खिडकीपाशी बसा. सकाळी दोघांची नाकं लाल. तरी तीन वर्षं काढली तिथे, आणि हसत काढली. त्या हसण्याचा आवाज त्याला आठवत होता, पण ती कशाकशाला हसायची ते आठवत नव्हतं. ते या बाईला आठवत होतं आणि तिने ते बुटाच्या खोक्यात भरलं होतं.

"आणि हा पडदा. रुमालाची कड कापून केलाय. जरासा तिरका आहे तो. तसाच होता."

कळफलकावरची बोटं थांबली. विसरला होता तो, साफ विसरला होता. खिडकी बंद होत नाही तर निदान पडदा लावू, म्हणून तिने माहेरच्या एका जुन्या चादरीचा पडदा शिवला होता. हातशिलाई, तीन संध्याकाळी बसून. तो कामावरून आला तेव्हा ती स्टुलावर उभी राहून पडदा लावत होती आणि तिने वळून विचारलं होतं, कसा झालाय? चांगला विचारला होता प्रश्न, सरळ उत्तर देण्याजोगा. आणि हा गृहस्थ पट्टी घेऊन आला. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं, आणि म्हणाला, दोन बोटं तिरका आहे, उसवून दे, मी खूण करून देतो. खूण करूनही दिली, पेन्सिलने, अगदी सरळ. तिने पडदा उसवला. परत शिवला, सरळ, आणि त्यानंतर त्या घरात किंवा पुढच्या दोन घरांत सुईत दोरा ओवला तो फक्त बटणं लावण्यापुरता. आणि यालाच वाटत राहिलं की हिला शिवणकामाचा कंटाळा आहे. चुलतबहिणीला त्याने तसं सांगितलंही होतं, हिला नाही बुवा त्याची आवड. वाईट वाटलं त्याला, चांगलंच वाईट वाटलं. पण त्याच्या खालोखाल आणखी एक काहीतरी होतं, आणि त्याला नाव द्यायचं तर आनंद असंच द्यावं लागलं असतं. ती आपल्या हाताने शिवत होती. तीन वर्षं, दर गुरुवारी. बंद पडलं नव्हतं ते.

"ही बाई म्हणजे सोनं आहे," ॲपवाला कुजबुजला. "बाकीचे मेले हूं हूं करत बसतात."

पुढचं काम होतं रकाने लावायचं. झालं, चाललंय, अडलंय. तिने खाट 'झालं'मध्ये टाकली, स्टोव्ह 'झालं', कोट 'चाललंय', कारण कोटाला खिसा राहिला होता. मग 'अडलंय'वर बोट ठेवून ती गप्प बसली. विचारणारीही गप्प बसली. ही गप्प बसायची विद्या तिला टिपणीसनेच शिकवली होती, आणि त्याला त्याच्या जुन्या साहेबांनी. माणूस अडला की मदतीला धावायचं नाही. मनात सात मोजायचे. सातच्या आत माणूस आपला आपण बोलतो, आणि तेच खरं असतं. ऑफिसात टिपणीस सातच काय सतरा मोजायचा. घरी एकावरच सुटायचा. बरणीचं झाकण तिच्या हातून फिरेपर्यंत त्याला धीर नसायचा, चावी कुलपात वाकडी गेली की याचा हात पुढे, आणि वाक्य तिने सुरू करावं, संपवावं याने.

सहाव्या आकड्याला ती बोलली. "खिडकीशी अडलंय. आत उघडायची की बाहेर, तेच आठवत नाहीये. चार महिने झाले. एकदा आत उघडणारी केली, एकदा बाहेर. दोन्ही खोट्या वाटतात. नवऱ्याला माहीत असणार. त्याला असलं सगळं माहीत असतं."

आत! टिपणीस जवळजवळ ओरडलाच. आत उघडायची, कारण डोक्याला लागायची ना! जीभ दाताखाली धरून त्याने ते गिळलं. उत्तर घशात तसंच बसलं.

"त्याबद्दल आणखी सांगाल?" विचारणारीने विचारलं.

"काय सांगू? विचारलं की तो येणार ना आत. पट्टी घेऊन येईल." ती हसली, पण घाईने पुढे म्हणाली, "वाईट नाहीये हो, लिहिताय ना, तेही लिहा. फार चांगला आहे. मदत करतो, तेवढंच. कुठे काय चुकलंय ते त्याला आधी दिसतं, पोटापाण्याचं कामच तसलं आहे त्याचं. चुका शोधायचा पगार घेतो. पण त्याला सांगितलं की ते आमचं होईल. आत्ता माझं आहे. एवढंसं खोकं. आणि खोकंसुद्धा त्याच्याच बुटाचं, नऊ नंबर."

"नवरा भलताच खडूस दिसतोय," ॲपवाला नखं खाता खाता म्हणाला.

"असतात अशी माणसं," टिपणीस म्हणाला, आणि टाइप केलं: आत्ता माझं आहे.

शेवटचं काम राहिलं होतं. आपल्या प्रोजेक्टमध्ये कुणाला तरी बोलवायचं. फोनमधली नावांची यादी उघडली आणि तिचं बोट ती खाली सरकवू लागलं. दवाखाना, दळण, धाकटी बहीण, दुधवाला. मग एक नाव आलं: दुरुस्ती. बोट तिथे थांबलं.

"मिस्त्री का कुणी?" विचारणारीने विचारलं, खरं तर तिने विचारायला नको होतं.

"नाही, नवरा. कौतुकाने हो!" ती इतकी हसली की डाव्या चौकोनातला फोन हलला. टिपणीसने स्वतःला बजावलं की लागलेलं नाही. थोडं लागलं होतं. बावीस वर्षं एका घरात राहून आपल्या नावाच्या जागी काय लिहिलंय हे माणसाला माहीत नसतं, हेही एक नवलच. बोट अजून तिथेच होतं. ते वर जात नव्हतं, खाली जात नव्हतं. त्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आणि त्याला कळलं की आपण आयुष्यात आजवर कशाचीही एवढी वाट पाहिली नव्हती, जेवढी त्या एका इंचभर बोटाची. चार, पाच. बोटाने नाव दाबलं.

समोर पाटी आली: हे तुमच्या प्रोजेक्टमध्ये बदल करू शकतील. खाली एकच मोठं बटण, बोलवा.

"म्हणजे बोलावलं की बदलणार?" ती म्हणाली. "नुसतं बघायला नाही का बोलावता येत कुणाला?"

येत होतं. कोपऱ्यात तांदळाएवढं एक चक्र होतं, ते दाबलं की आत 'फक्त पाहणारा' अशी सोय होती. आधीच्या चौघांनाही ते चक्र सापडलं नव्हतं, आणि ॲपवाला दोन दिवस हट्टाने म्हणत होता की पाचव्याला सापडेल, लोकांना जरा शोधायला नको का? आता टिपणीसच्या शेजारी त्याने नखं खायचं थांबवलं होतं. तिचं बोट वर गेलं, खाली गेलं, चक्राच्या अगदी शेजारून गेलं. वर, आणखी वर, उजव्या कोपऱ्यात, टिपणीस मनातल्या मनात टाहो फोडत होता. भिंत मधे नसती तर त्याने फोन तिच्या हातातून घेतला असता. हे त्याच्या लक्षात आलं आणि तो खुर्चीत मागे टेकला. भिंत होती, हे किती बरं होतं.

"नको," ती शेवटी म्हणाली. "राहू दे. बघायला बोलावलं असतं. बदलायला नाही." आणि तिने मागे जायचा बाण दाबला. 'दुरुस्ती' यादीत परत गेलं.

ती गेल्यावर, म्हणजे भेटकार्ड घेऊन आणि आठवडाभर ॲप वापरून बघायची परवानगी घेऊन जिना उतरल्यावर, टिपणीसने दोघांना बोलावून सांगून टाकलं. विचारणारीने तोंडावर हात धरला. ॲपवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "खडूस म्हणालो ते..." तो चाचरला. "बरोबरच म्हणालात," टिपणीस म्हणाला, आणि त्याने रिपोर्टात ओळ घातली: क्रमांक पाच, वगळले, कारण नातं. नियम तो नियम. पण ॲपवाला उठला होता आणि खोलीत येरझाऱ्या घालत होता. "पाचवी वगळा, चार आहेतच की. चौघांनाही सापडलं नाही. मीच आंधळा. आज संध्याकाळपर्यंत ते चक्र काढून टाकतो, दोन मोठी बटणं करतो, शेजारी शेजारी. ज्यांच्या फोनवर दिलंय त्यांना आपोआप मिळेल." आणि तो जिना दोन दोन पायऱ्या उतरत गेलाही. त्याचा हट्ट जितका मोठा होता तितक्याच पटकन तो सुटला, याचं टिपणीसला कौतुक वाटलं. आपल्याला बावीस वर्षं लागली.

घरी तो पायीच निघाला. संध्याकाळचं पिवळं ऊन दुकानांच्या काचांवर होतं, शाळा सुटलेली मुलं फुटपाथभर पसरली होती, आणि घशातलं उत्तर अजून घशातच होतं. सहज बोलता बोलता सांगून टाकावं, असा बेत त्याने केला. म्हणजे असं, की अगं, काय डोक्यात आलं बघ, आपल्या त्या खोलीची खिडकी आत उघडायची, नाही का? तिला कळणारही नाही आणि तिचं काम होईल. बेत छानच होता. पुलाच्या चढावर मात्र त्याला दुसरंच आठवलं. केरसुणीचा दांडा लावून खिडकी बाहेर ढकलायची ती, आणि खालून छापखान्यातला माणूस ओरडायचा, ढलपे पडतायत! मग डोक्याला लागायचं ते काय? ते कपाटाचं दार असेल. की पुढच्या घरातली खिडकी? पूल उतरेपर्यंत आत आणि बाहेर इतके एकमेकांत मिसळले की त्याची खात्री पार उडाली. गंमत म्हणजे त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. हलकंच वाटलं. आणि मग कळलं की बेतही तसलाच होता, पट्टी खिशात लपवून आत शिरायचा.

ती घरी आली होती. ओट्यापाशी उभी राहून त्याचाच विसरलेला डबा रिकामा करत होती. "बजावलं होतं की नाही? उपाशी बसलास ना दिवसभर?"

"विसरलो."

"बैस. चहा टाकते." तिने पातेलं ठेवलं. घड्याळ उलटंच होतं. काडी पेटेना, दुसरी घेतली, तीही पेटेना, आणि त्याचा हात सवयीने उठला. त्याने तो मांडीवर परत ठेवला. तिसरीला पेटलं.

"अगं ऐक," तो म्हणाला. "आमचं ऑफिस गळतंय, आठवडा झाला. सध्या आम्ही चष्म्याच्या दुकानावर बसतो."

तिने पाठमोऱ्यानेच साखर टाकली. पाण्याला आधण येत होतं.

"आज पलीकडच्या खोलीत मी होतो. थांबवायला हवं होतं, नियम आहे. नाही थांबवलं. ऐकत बसलो." यापुढे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पडद्याचं होतं, चुलतबहिणीला काय सांगितलं ते होतं, भिंतीचं होतं. त्याने काहीच सांगितलं नाही. तिने गॅस बारीक केला. सात झाले. बारा झाले. विसाला तिने हात पुसले, त्याच्याकडे न बघता आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

टिपणीस बसून राहिला. उठून दारापाशी जावं, समजूत घालावी, निदान चहा तरी गाळून आत न्यावा, असं पायांना फार वाटत होतं. भीतीही वाटत होती, खरी भीती, की आता ते खोकं कुणाच्याही दृष्टीला पडणार नाही, आणि गुरुवारचा वर्गही संपेल, सुई परत डब्यात जाईल, आणि ते दुसऱ्यांदा आपल्यामुळे झालेलं असेल. चहा उतू जायला लागला तेव्हा त्याने गॅस बंद केला, तेवढंच. मग त्याच्या फोनने आवाज केला.

तुम्हाला 'खोली' या प्रोजेक्टमध्ये बोलावण्यात आलं आहे. तुमची भूमिका: फक्त पाहणारा.

त्याने ते दोनदा वाचलं. ॲपवाला शब्दाला जागला होता. त्याने 'स्वीकारा' दाबलं आणि खोली उघडली. काड्यांची खाट, बटणाचा स्टोव्ह, खिळ्यावर आपला एवढासा कोट. पडदा, दोन बोटं तिरका, म्हणजे या मापाने केसभर. किती सुंदर शिवला होता! आणि खाट चुकीच्या भिंतीला होती. खाट दाराच्या बाजूला होती, नक्की, त्याबद्दल शंकाच नको. त्याने सवयीने खाली बघितलं, वर बघितलं, कोपऱ्यात बघितलं. लिहायला जागा नव्हती. सरकवायला काही नव्हतं. एकही बटण नव्हतं. तो परत फोटोकडे वळला आणि हळूहळू त्या भिंतीला ती खाटही बरी दिसायला लागली.

"दिसतंय का?" आतून आवाज आला.

"दिसतंय."

"काही चुकलं असेल तर सांगू नकोस."

"नाही सांगत."

मग: "खिडकी तेवढी सांग. आत की बाहेर?"

"मला नाही माहीत."

दार उघडलं. ती दारात उभी होती, हातात फोन, डोळे जरा ओले आणि भुवया वर. "तुला माहीत नाही?"

"सकाळी माहीत होतं. पुलापर्यंत होतं. आता नाही."

मग तिला हसू फुटलं, ते तेच होतं, छापखान्यावरचं. "मग बंदच करते," ती म्हणाली. "तीन वर्षं बंद झाली नाही मेली. आता होऊ दे एकदाची."

"होऊ दे," तो म्हणाला.

गार झालेला चहा तिने परत गॅसवर ठेवला, या वेळी काडी पहिल्या झटक्याला पेटली. मग त्याच्या समोर येऊन बसली, टेबलावरचा न दिसणारा कचरा तळहाताने एका कडेला लोटला आणि म्हणाली, "फार भराभर बोलले ना मी? हात दुखला का रे?"

"थोडासा," तो म्हणाला, आणि हात पुढे केला.